००९ नावाचा पार्ट

माझ्याकडे १९७२ सालची एक बीटल आहे. फोक्सवॅगनची, मागे इंजिन असलेली, पिठाच्या गिरणीसारखा आवाज करणारी. ती का घेतली हे घरच्यांना अजून नीट पटवून देता आलेलं नाही, त्यामुळे तुम्हाला पटवायचा प्रयत्न करत नाही. दिवसभर दुसऱ्यांनी लिहिलेला कोड दुरुस्त करून झाला की शनिवारी निदान हाताला ग्रीस लागेल असं काहीतरी हवं होतं, एवढंच.

तर झालं असं की गेल्या वर्षी एका शनिवारी मुलीला पोहायच्या क्लासला घेऊन चाललो होतो. एल कमिनो रेआलवर डावीकडे वळायचं होतं. समोरून येणाऱ्या गाड्यांमध्ये व्यवस्थित फट दिसली, क्लच सोडला, ॲक्सिलरेटर दाबला आणि... काही नाही. इंजिन बंद पडलं नाही, चालूच होतं, पण एखाद्या माणसाला हाक मारावी आणि त्याने "अं?" म्हणावं तसं झालं. सेकंदभर. फार तर दीड सेकंद. मग गाडीने उडी मारली आणि आम्ही पलीकडे गेलो. समोरून येणाऱ्या ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला तो अजून कानात आहे. मागच्या सीटवरून आवाज आला, "बाबा, परत कर ना!"

घरी आल्यावर मुलीने ही गंमत आईला सांगितली. बायको शांतपणे म्हणाली, "हे नीट होईपर्यंत तिला या गाडीत बसवायचं नाही. आणि नीट होणार नसेल तर विकून टाक." यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं.

पुण्यात आमच्याकडे प्रीमियर पद्मिनी होती तेव्हा याला "पिकअप खातेय" म्हणायचे. इथले लोक फ्लॅट स्पॉट म्हणतात. माझी गाडी पिकअप का खात होती हे शोधताना मी जो काही महिने इतिहासात भरकटलो, त्याची ही गोष्ट. गाड्यांमध्ये रस नसलेल्यांनीही थोडा धीर धरावा, कारण दोन वेगवेगळ्या टीम्सनी लिहिलेली मॉड्यूल्स एकमेकांशी न बोलता जोडली की काय होतं याचीही ती गोष्ट आहे.

आधी थोडं शास्त्र. पेट्रोल इंजिनात ठिणगी पडली की स्फोट होतो असं शाळेत शिकवतात, पण तो स्फोट नसतो. ज्योत ठिणगीपासून सुरू होऊन पसरत जाते आणि तिला वेळ लागतो, साधारण दोनेक मिलिसेकंद धरा. पिस्टन वरच्या टोकाला जाऊन खाली यायला लागला की त्यानंतर लगेचच दाब सर्वांत जास्त असायला हवा. म्हणजे ठिणगी पिस्टन वर पोचायच्या आधीच पाडायला लागते. किती आधी? ९०० आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात ५.४ अंश फिरतो. ३६०० ला २१.६ अंश. ज्योतीला लागणारा वेळ तोच राहिला तर आयडलला ११ अंश आधी आणि वेगात असताना ४३ अंश आधी ठिणगी हवी. प्रत्यक्षात वेग वाढला की आतली हवा जास्त घुसळली जाते आणि ज्योतही जोरात पळते, त्यामुळे ४३ लागत नाहीत, बीटलला तिशीच्या आसपास पुरतात. या "आधी"ला ॲडव्हान्स म्हणायचं.

ही झाली वेगाची बाजू. दुसरी बाजू लोडची. ॲक्सिलरेटरवर पाय जेमतेम टेकवून सपाट रस्त्याने जाताना सिलिंडरमध्ये मिश्रण कमी असतं, विरळ असतं, ते रेंगाळत जळतं. त्याला आणखी ॲडव्हान्स हवा. तेच चढावर पाय पूर्ण दाबला की मिश्रण गच्च भरतं, भराभर जळतं, आणि ॲडव्हान्स जास्त असेल तर इंजिन टकटक करायला लागतं. खंडाळ्याच्या घाटात पद्मिनी जी टकटक करायची ती हीच.

म्हणजे ठिणगीची वेळ हे दोन व्हेरिएबल्सचं फंक्शन आहे, वेग आणि लोड. आज ईसीयूमध्ये त्याचं सरळ एक टेबल असतं. ठिणगी आणि इंधन या दोन्हींचा हिशोब एकाच डब्यात करणारी बॉशची मोट्रॉनिक १९७९ साली बीएमडब्ल्यू ७३२आय मध्ये आली. त्याआधी जवळपास सत्तर वर्षं हे टेबल लोखंड, पितळ, स्प्रिंगा आणि रबराच्या पडद्यात लिहिलेलं असायचं. आणि त्याच्याही आधी ते ड्रायव्हरच्या डोक्यात असायचं!

फोर्डच्या मॉडेल टी मध्ये स्टिअरिंगच्या खाली दोन लिव्हर होते. उजवीकडचा थ्रॉटलचा आणि डावीकडचा ठिणगीचा. गाडी सुरू करताना ठिणगी उशिरावर ठेवायची, वेग घेतला की लिव्हर खाली ओढून आधी आणायची, चढ आला की परत थोडी मागे. विसरून लिव्हर खालीच ठेवली आणि समोर जाऊन हँडल मारलं, तर ठिणगी पिस्टन वर जायच्या आधीच पडायची, इंजिन उलटा झटका द्यायचं आणि हँडल मारणाऱ्याचं मनगट मोडायचं. हे इतकं नेहमीचं होतं की अंगठा हँडलभोवती न गुंडाळता बोटांच्याच बाजूला ठेवून हँडल मारावं असं शिकवायचे. दीड कोटी मॉडेल टी अशा चालल्या.

हे काम माणसाकडून काढून घेणाऱ्यांत एक नाव चार्ल्स केटरिंगचं आहे. हा माणूस ओहायोतल्या डेटन गावात नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत कॅश रजिस्टरला इलेक्ट्रिक मोटर बसवण्याचं काम करायचा. नोकरी सांभाळून रात्री आणि शनिवार-रविवारी एका सहकाऱ्याच्या घरामागच्या कोठारात गाड्यांच्या इग्निशनवर खटपट करत बसायचा. (वीकेंड प्रोजेक्टला घरातून विरोध असणाऱ्यांनी हा मुद्दा जपून ठेवावा.) १९०९ साली कॅडिलॅकने त्याची बॅटरी इग्निशन घेतली, १९१० च्या गाड्यांत ती आली, आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये त्याचा सेल्फ स्टार्टर आला. बॅटरी, कॉइल, पॉइंट आणि कंडेन्सर ही त्याची मांडणी. फिरत्या रोटरने चार सिलिंडरना पाळीपाळीने ठिणगी वाटणारा तो डिस्ट्रिब्युटर. आमच्या पुण्याच्या गॅरेजमधले मिस्त्री "करंट येतोय का बघ रे" म्हणून पोऱ्याला सेल्फ मारायला सांगायचे, ती सगळी वंशावळ इथली.

पुढे डिस्ट्रिब्युटरच्या पोटात दोन यंत्रं आली. एक म्हणजे फिरत्या शाफ्टवर बसवलेली दोन छोटी वजनं. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि कॅम थोडा पुढे ढकलतात, स्प्रिंगा त्यांना मागे ओढतात. हे वेगाचं फंक्शन. दुसरं म्हणजे बाहेर चिकटवलेला एक डबा, आत रबरी पडदा. त्याला एक नळी जोडून इंजिनाचा व्हॅक्युम दिला की पडदा ओढला जातो आणि पॉइंटची प्लेट फिरते. हे लोडचं फंक्शन. दोघांची बेरीज म्हणजे एकूण ॲडव्हान्स. दिसायला सोपं आहे. मेख त्या नळीत आहे, कारण नळीचं दुसरं टोक कार्ब्युरेटरला जातं.

कार्ब्युरेटर ही स्वतंत्र जमात. इंग्लंडमधल्या एसयू कार्ब्युरेटरचे स्किनर बंधू बुटांच्या धंद्यातल्या घरातले होते आणि त्यांच्या पहिल्या कार्ब्युरेटरमध्ये चक्क चामड्याचा भाता होता. फ्रान्समध्ये सोलेक्स, इटलीत बोलोन्याच्या एदुआर्दो वेबरचे वेबर. आतला मूळ मंत्र सगळ्यांचा सारखाच, आणि तो १७९७ मध्ये इटलीच्या जोव्हान्नी बात्तिस्ता व्हेंतुरीने लिहून ठेवलेला: नळी अरुंद केली की तिथून जाणाऱ्या द्रवाचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. त्या कमी दाबाने पेट्रोल ओढलं जातं.

आता नळी नक्की कुठे जोडायची? कार्ब्युरेटरमध्ये व्हॅक्युम एक नसतो, निदान तीन असतात. थ्रॉटलच्या झडपेच्या खाली, मॅनिफोल्डमध्ये, आयडलला व्हॅक्युम जबरदस्त असतो आणि पाय दाबला की तो गळून पडतो. झडपेच्या अगदी काठाच्या किंचित वर भोक पाडलं, तर आयडलला तिथे काहीच नसतं, झडप जराशी उघडली की एकदम जोर येतो. आणि अरुंद गळ्याशी, म्हणजे व्हेंचुरीपाशी भोक पाडलं तर तिथला व्हॅक्युम हवेच्या प्रवाहाबरोबर वाढतो, म्हणजे पाय पूर्ण दाबलेला असला तरी वेग वाढेल तसा तो वाढत जातो. तीन भोकं, तीन वेगळे सिग्नल. एकाच्या जागी दुसरा दिला तर डिस्ट्रिब्युटर तक्रार करत नाही, एरर देत नाही, मिळेल ते इनपुट घेऊन चुकीचं उत्तर देत बसतो. एपीआयचं नाव तेच, टाइप तोच, अर्थ वेगळा. ज्यांनी असे बग शोधलेत त्यांना पुढचं सांगायला नको.

फोक्सवॅगनच्या लोकांनी साठच्या दशकात इथे एक भन्नाट काटकसर केली होती. १९६१ च्या मॉडेलपासून बीटलला नवीन ३४ हॉर्सपॉवरचं इंजिन आलं, आणि त्याच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये वजनं नव्हतीच. फक्त व्हॅक्युमचा डबा. मला आधी वाटलं की हे स्वस्तातलं काम असणार. पण नाही. सोलेक्स कार्ब्युरेटरच्या आत व्हॅक्युमचा मार्ग असा काढला होता की झडपेपाशचा आणि व्हेंचुरीपाशचा सिग्नल मिळून नळीत यायचा. हवेचा एकूण प्रवाह हा वेग आणि लोड दोन्हींवर ठरतो, त्यामुळे त्या एका नळीतून दोन्ही व्हेरिएबल्सची माहिती जायची. वजनं, स्प्रिंगा, त्यांची झीज, सगळं वाचलं. पण याचा अर्थ असा की तो डिस्ट्रिब्युटर आणि तो कार्ब्युरेटर ही जोडी होती. पार्ट दोन, पण डिझाइन एकच. साठच्या दशकातल्या बऱ्याच बीटलमध्ये हीच मांडणी होती. असा डिस्ट्रिब्युटर दुसऱ्या कुठल्या कार्ब्युरेटरबरोबर लावला तर ॲडव्हान्स चुकीचा मिळेल, आणि व्हॅक्युमचं भोकच नसलेल्या कार्ब्युरेटरबरोबर लावला तर शून्य मिळेल.

मग माझी गाडी. तिला जो डिस्ट्रिब्युटर होता त्याच्यावर बॉशचा नंबर होता ०२३११७८००९. जगभर याला नुसतं "००९" म्हणतात, जेम्स बाँडचा भाऊ असल्यासारखं. याचं बरोबर उलटं आहे: वजनं आहेत, व्हॅक्युमचा डबा नाही. वेग कळतो, लोड कळत नाही. फोक्सवॅगन आपली हीच हवेने थंड होणारी इंजिनं पंप, जनरेटर, कॉम्प्रेसर चालवायलाही विकायची. तशा कामात इंजिन एका ठरलेल्या वेगाने, ठरलेल्या लोडवर तासन् तास घरघरत असतं. तिथे नळीची, पडद्याची कटकट कशाला? ००९ हा त्या जगातला पार्ट.

तो बीटलमध्ये घुसला कसा? हे मला सगळ्यात मनोरंजक वाटतं. ज्यांना बीटल पळवायची होती ते एका सोलेक्सच्या जागी दोन मोठे कार्ब्युरेटर लावायचे, इंजिनाच्या दोन बाजूंना एक एक. आता प्रत्येक कार्ब्युरेटर फक्त दोन सिलिंडरना हवा पुरवतो, त्यामुळे त्यातला व्हॅक्युम सलग राहत नाही, धक्क्याधक्क्याने येतो. असला सिग्नल पडद्याला देऊन उपयोग नाही. पोर्शेच्या ३५६ मध्ये दोन कार्ब्युरेटर आणि फक्त वजनांचा डिस्ट्रिब्युटर असायचा, तो याचसाठी. त्यामुळे दोन कार्ब्युरेटर लावणाऱ्याने ००९ लावणं हे अगदी बरोबर होतं. शिवाय तो स्वस्त होता, नवा मिळायचा, पडदा फाटायची भानगड नाही.

पण मग ज्यांनी दोन कार्ब्युरेटर लावले नव्हते त्यांनी बघितलं की पळणाऱ्या गाड्यांमध्ये ००९ असतो. म्हणून त्यांनीही लावला. फास्ट गाड्यांचा पार्ट लावला की आपली फास्ट होईल, असं साधं गणित. जुना डबा फाटला, नवीन शोधायचा कंटाळा, लावा ००९. पुढे तो जवळपास डीफॉल्टच झाला. आम्ही ऑफिसात एका मोठ्या कंपनीच्या ब्लॉगवरचं आर्किटेक्चर उचलून आमच्या चारशे युजरांच्या ॲपला लावलं होतं त्याची आठवण झाली. असो.

आता याच्यात तिसरी टीम येते, ती म्हणजे सरकार. लॉस एंजेलिसच्या आकाशात तपकिरी धूर का साठतो हे १९५० च्या आसपास कॅलटेकमधल्या आरी हागेन-स्मिट या डच रसायनशास्त्रज्ञाने शोधलं. गाड्यांमधून न जळता बाहेर पडणारं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांच्यावर ऊन पडलं की तो धूर तयार होतो. १९६६ च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियात आणि १९६८ पासून सगळ्या अमेरिकेत गाड्यांच्या धुरावर मर्यादा आल्या. १९७० साली क्लीन एअर ॲक्ट आला. बीटलचं सगळ्यात मोठं परदेशी गिऱ्हाईक अमेरिका, त्यामुळे वोल्फ्सबर्गला धावपळ करणं भाग होतं.

त्यांनी जे केलं ते १९७२ च्या माझ्या गाडीत असायला हवं होतं. १६०० सीसी इंजिन, सोलेक्स ३४ पिक्ट-३ कार्ब्युरेटर आणि दोन नळ्यांचा डिस्ट्रिब्युटर. आत वजनंही आहेत, आणि बाहेरच्या डब्याला दोन नळ्या: एक ॲडव्हान्सची, दुसरी चक्क उलट्या दिशेची, रिटार्डची. आयडलला मॅनिफोल्डमधला जोरदार व्हॅक्युम रिटार्डच्या बाजूने ओढतो आणि ठिणगी पिस्टन वरच्या टोकाला पोचून गेल्यावर ५ अंशांनी पडते. नंतर! हे वाचून मी तीनदा खात्री केली. एवढ्या उशिरा ठिणगी पाडली की बरीचशी उष्णता एग्झॉस्टमध्ये जाते आणि उरलंसुरलं पेट्रोल तिथे जळून जातं. इंजिनाच्या दृष्टीने वाया, पण धुराच्या दृष्टीने फायदा. त्याच हेतूने ३४ पिक्ट-३ चं आयडल मिश्रण अगदी विरळ ठेवलेलं आहे.

आणि मग पाय ठेवला की? झडप जराशी उघडते, ॲडव्हान्सचं भोक उघडं पडतं, तिथे एकदम व्हॅक्युम येतो, रिटार्डचा जोर ओसरतो आणि ठिणगी एका झटक्यात पुष्कळ पुढे सरकते. विरळ मिश्रण रेंगाळत जळतं हे वर आलंच आहे. त्या क्षणी त्याला हा ॲडव्हान्स हवाच असतो. कार्ब्युरेटर विरळ ठेवणाऱ्या इंजिनिअरने डिस्ट्रिब्युटर धावून येईल हे गृहीत धरलं होतं.

००९ धावून येत नाही. त्याला पाय ठेवल्याचं कळतच नाही. तो वेग वाढायची वाट बघतो, आणि वेग वाढायला ठिणगी पुढे यायला हवी असते. डेडलॉक म्हणा हवं तर. एल कमिनोवरचा तो दीड सेकंद म्हणजे हाच डेडलॉक होता.

हे सगळं मला ओळीने कळलं असं समजू नका. आधी मी गाडी एका गॅरेजला दिली. त्यांनी आयडलचा जेट मोठा घातला, ॲक्सिलरेटर पंपाची धार वाढवली आणि बिल दिलं. पिकअप थोडं सुधारलं, पेट्रोलचा वास गॅरेजभर, ॲव्हरेज पडलं. ठिणगी उशिरा येतेय म्हणून पेट्रोल जास्त ओतायचं, हा जुना आणि लोकप्रिय उपाय आहे. शिवाय सांताक्रूझला जाताना हायवे १७ च्या चढावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये धापा टाकायची. त्याचं कारण वेगळंच निघालं.

टायमिंग लाइट विकत आणला. पुलीवर एकच खाच दिसली आणि लाइटमध्ये ती बरोबर केसिंगच्या जोडरेषेवर होती. म्हणजे टायमिंग एकदम करेक्ट, नाही का? मी तसंच समजलो. दोन शनिवार. मग कळलं की या वर्षांच्या पुलीवर कारखान्यातून आलेली ती एकच खाच म्हणजे शून्य नव्हे, ती वरच्या टोकानंतरच्या ५ अंशांची आहे, दोन नळ्यांच्या डिस्ट्रिब्युटरसाठी. कोणीतरी ००९ लावला होता आणि टायमिंग जुन्याच खाचेवर जुळवलं होतं. ००९ ची वजनं एकूण वीस-बावीस अंश देतात. उणे पाचपासून सुरुवात केली तर पूर्ण वेगालाही सतराच्या वर काही जात नाही, आणि हव्या होत्या तिशीच्या आसपास. म्हणजे पुली एका सिस्टीमची, डिस्ट्रिब्युटर दुसऱ्या, कार्ब्युरेटर पहिल्याच सिस्टीमचा पण कोणीतरी पॅच मारलेला.

पुण्याला बाबांना फोन केला. पद्मिनी त्यांनी बावीस वर्षं सांभाळली. त्यांना विचारलं, "बाबा, तुमचे मिस्त्री टायमिंग कसं लावायचे हो? लाइट होता का त्यांच्याकडे?"

"कसला लाइट? हाताने डिस्ट्रिब्युटर फिरवायचा, कान लावायचा आणि मग मला बाजूला बसवून चढावर घेऊन जायचा. टकटक आली की केसभर मागे. पेट्रोल भेसळीचं असायचं ना, पुस्तकातलं टायमिंग कुठे चालायला."

"आणि व्हॅक्युमची नळी?"

"ती निघालेली असायची बरेचदा. तोंडाला स्क्रू ठोकून बंद करायचे. म्हणायचे साहेब, काही फरक पडत नाही."

फरक पडत होता, पेट्रोलमध्ये. सपाट रस्त्यावर अर्धवट पायाने जाताना व्हॅक्युमच्या ॲडव्हान्सनेच तर इंधन वाचतं. पण हे बाबांना सांगितलं नाही. त्यांचा मिस्त्री आता नाही आणि कानाने त्याने जे केलं ते मला लाइट घेऊन जमत नव्हतं.

मी पुलीवर शून्याची आणि ३० अंशांची खूण स्वतः केली. (पुलीचा परीघ मोजून, कागदाची पट्टी गुंडाळून. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे डिस्ट्रिब्युटरचे १० अंश म्हणजे क्रँकचे २०. पुस्तकात कधी हे आकडे असतात, कधी ते. मी एकदा गंडलो.) ००९ पूर्ण वेगाला ३० वर आणला. हायवे १७ ची धाप थांबली, गाडी तिसऱ्यात चढली. पण वळणावरचं "अं?" तसंच. जेट पुन्हा मूळ मापाचा घातल्यावर तर जास्तच.

म्हणजे जोडी पुन्हा जमवणं आलं. पर्याय दोन होते: ००९ ठेवायचा आणि त्याला साजेसे दोन कार्ब्युरेटर घ्यायचे, किंवा कार्ब्युरेटर ठेवून त्याचा हरवलेला जोडीदार आणायचा. मी दुसरा निवडला, मुख्यतः पैशांमुळे. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना स्मॉग चेकमधून सूट आहे, म्हणजे धुरासाठी मला कोणी विचारणार नव्हतं. पण रिटार्डची नळी नको म्हणून कापली तर पुली, खाच आणि आयडल पुन्हा कोणाच्या तरी अंदाजाने जुळवावं लागणार होतं. मला अंदाजांचा कंटाळा आला होता.

जुना दोन नळ्यांचा डिस्ट्रिब्युटर मिळाला. हातपंपाने डब्याला व्हॅक्युम लावला तर काटा सुळ्ळकन खाली, पडदा फाटलेला. डबा वेगळा शोधण्यात सहा आठवडे गेले. आतली प्लेट ग्रीस वाळून दगड झाली होती. सगळं साफ करून बसवलं, दोन्ही नळ्या जोडल्या, खाच जोडरेषेवर आणली (आता ती खरंच बरोबर होती) आणि तरीही आयडलला टायमिंग नाचायला लागलं.

यावर आणखी एक शनिवार गेला. आधीच्या कोणीतरी आयडल वाढवायला थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू पिळला होता. या कार्ब्युरेटरमध्ये आयडल त्या स्क्रूने लावायचं नसतंच. बाजूला एक मोठा बायपास स्क्रू आहे, आयडलची हवा झडपेला वळसा घालून तिथून जाते, म्हणजे झडप जवळजवळ बंद राहते आणि ॲडव्हान्सचं भोक तिच्या वर, झाकलेलं राहतं. स्टॉप स्क्रू पिळला की झडप उघडते, भोक उघडं पडतं आणि आयडललाच ॲडव्हान्स चालू होतो. ००९ असताना नळीच नव्हती, त्यामुळे ही चूक वर्षानुवर्षं कोणाला दिसली नव्हती. स्क्रू मागे घेतला, बायपासने ८५० आरपीएमवर आणलं. टायमिंग लाइटमध्ये खाच चित्रासारखी थांबली. ॲक्सिलरेटरला बोट लावलं की सर्रकन पळायची, सोडलं की परत जागेवर.

योगायोग म्हणजे १७ फेब्रुवारी १९७२ ला बीटलने १ कोटी ५० लाख ७ हजार ३४ चा आकडा गाठून मॉडेल टी चा विक्रम मोडला होता. डाव्या लिव्हरने ठिणगी हलवणाऱ्या गाडीला मागे टाकणाऱ्या बीटलच्या वर्षातलीच ही माझी गाडी.

रविवारी पहाटे, रस्ता रिकामा असताना, त्याच सिग्नलला एकटाच गेलो. डावीकडे वीस वेळा वळलो. एक पोलीस दुरून बघत होता, नंतर तोही कंटाळून गेला. इंजिन अगदी गार असताना एकदा किंचित अडखळलं, बाकी एकोणीस वेळा पाय ठेवल्याबरोबर निघाली.

घरी येऊन बायकोला किल्ली दिली. ती एकटी चक्कर मारून आली, वीस मिनिटांनी. काही बोलली नाही. पुढच्या शनिवारी पोहायच्या क्लासला निघताना मुलीची सीट तिनेच बीटलमध्ये बसवली, आणि बेल्ट दोनदा ओढून बघितला. वळण घेतल्यावर मागून आवाज आला, "आज उडी नाही मारली?"